गिब्सन, जॉश

गिब्सन, जॉश (२१ डिसेंबर १९११ – २० जानेवारी १९४७) : निग्रो लीगमधील (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या स्वतंत्र व्यावसायिक स्पर्धांमधील) श्रेष्ठ अमेरिकन बेसबॉलपटू, कॅचर व फलंदाज. जन्म जॉर्जिया राज्यातील ब्यूना व्हिस्टा येथे. वडिलांना पोलाद कारखान्यात काम मिळाल्याने कुटुंब पिट्सबर्गला स्थायिक झाले आणि तेथेच स्थानिक संघांतून त्यांच्या खेळाला सुरुवात झाली. १९३० मध्ये ते होमस्टेड ग्रेज या नामांकित संघात दाखल झाले. त्याच वर्षी जुळ्या मुलांना जन्म देताना त्यांच्या पत्नी हेलन यांचा मृत्यू झाला.

फलंदाजामागे उकिडवे बसून पिचरचा (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा) वेगवान चेंडू झेलणे आणि त्याला इशाऱ्यांनी मार्गदर्शन करणे हे कॅचरचे काम गुडघे व हात झिजवणारे असल्यामुळे उत्तम कॅचर सहसा उत्तम फलंदाज नसतो; गिब्सन यांच्या कामगिरीचे मोल या पार्श्वभूमीवर लक्षात येते. पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स संघात त्यांनी सॅचेल पेज या विख्यात पिचरचे चेंडू झेलले. १९३७ मध्ये ते ग्रेज संघात परतले. मध्यंतरी ते मेक्सिकोतही खेळले. पुढे १९४३ व १९४४ मध्ये ग्रेज संघाने निग्रो लीगची जागतिक मालिका जिंकली. बेब रूथ या विख्यात गोऱ्या फलंदाजावरून त्यांना ‘काळा बेब रूथ’ म्हणत. मात्र रूथ यांनाच ‘गोरा जॉश गिब्सन’ म्हणावे, असे गिब्सन यांचे चाहते ठणकावून सांगत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेच्या संघमालकांनी कोणताही लेखी नियम न करता कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवले होते. त्यामुळे गिब्सन यांना मेजर लीगचा एकही सामना खेळता आला नाही. १९४३ पासून त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि पक्षाघाताने पिट्सबर्ग येथे वयाच्या ३५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सन हे कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिन डॉजर्स या मेजर लीग संघाकडून मैदानात उतरले व हा वर्णभेद मोडला.

१९७२ मध्ये बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’ या गौरव दालनामध्ये त्यांचा समावेश झाला. तेथील फलकावर सुमारे ८०० होम रनचा (एकाच फटक्यावर सर्व तळांची फेरी पूर्ण करून मिळवलेल्या धावांचा) उल्लेख आहे, तर अधिकृत नोंदीतील आकडा २०० च्याही आत आहे. या तफावतीवरून त्यांच्या कीर्तीवर शंका घेणे योग्य नाही. लीगचे हंगाम छोटे असत आणि पोटासाठी हे संघ गावोगावी प्रदर्शनी सामने खेळत. त्यांतील होम रन अधिकृत हिशेबात धरले जात नाहीत.

निग्रो लीगला २०२० मध्ये मेजर लीगचा दर्जा मिळाला आणि मे २०२४ मध्ये तिची आकडेवारी मुख्य नोंदींत समाविष्ट झाली. गिब्सन यांची कारकिर्दीतील ०.३७२ ही फलंदाजीची सरासरी (फलंदाजीच्या संधींमागे यशस्वी फटक्यांचे प्रमाण) मेजर लीगचे जुने फलंदाज टाय कॉब यांच्या ०.३६७ या सरासरीच्या पुढे गेली. प्रकृती बिघडू लागली त्याच १९४३ च्या हंगामातील त्यांची ०.४६६ ही सरासरी मेजर लीगच्या एका हंगामातील सर्वोच्च ठरली.