तुमच्या प्राण्याची झोप: बोर्डिंगला ठेवण्यापूर्वी वाचावे

आम्ही मुक्कामी प्राण्याचा व्हिडिओ पाठवला की घोडबंदर रोडपासून कळव्यापर्यंत सगळीकडून एकच काळजीचा प्रश्न येतो: "हा झोपलेलाच दिसतो, करमत नाही का त्याला?"

बहुतेक वेळा त्याचं छान चाललेलं असतं. मोठा कुत्रा चोवीस तासांत साधारण 12 ते 14 तास झोपतो, लहान पिल्लू 18 ते 20, मांजर 12 ते 16. ही शिकारी कुळातली जनावरं. पोट भरलं की अंग टाकायचं, हा त्यांचा मूळ स्वभाव. गवत खाणाऱ्यांचा बराच दिवस चरण्यात जातो, शिवाय शत्रूचं भय. घोडा जेमतेम तीन तास झोपतो. बोत्सवानात दोन जंगली हत्तिणींची झोप मोजली, ती दिवसाला सरासरी दोनच तास भरली! ससाही भित्राच, त्यामुळे तो उघड्या डोळ्यांनी झोपतो. जागा आहे असं समजून त्याला उचलू नका.

आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पक्ष्यांची. आपण ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतो त्या बजरीगरांना रोज 10 ते 12 तास अंधार आणि शांतता लागते. पिंजरा हॉलमध्ये आणि टीव्ही रात्री अकरापर्यंत चालू, मग ती मिळणार कशी? अशा पक्ष्यांची चिडचिड वाढते, काही स्वतःची पिसं उपटतात, माद्या वरचेवर अंडी घालून अशक्त होतात. म्हणून आमच्याकडे पक्ष्यांच्या खोलीतले दिवे संध्याकाळी सातला बंद होतात. त्यानंतर भेटायला येण्याचा आग्रह कृपया धरू नका. (आपला हिरवा पोपट मात्र आम्ही ठेवून घेत नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार तो पाळायला बंदी आहे.)

हॅमस्टर रात्री जागतो, त्याला दिवसा उठवू नये. माशांना पापण्या नसतात, तेव्हा रात्री टँकचा दिवा घालवावा.

आमच्या मते तासांच्या आकड्यापेक्षा सवयीतला बदल महत्त्वाचा. एरवी डब्याच्या आवाजाने धावत येणारा कुत्रा जेवायलाही उठेना, किंवा म्हातारी मांजर अचानक रात्रभर ओरडत फिरू लागली, तर डॉक्टरांना दाखवा. उतारवयातल्या मांजरांत यामागे थायरॉईडही असू शकतो.

नव्या जागी पहिल्या रात्री पुष्कळ कुत्रे नीट झोपत नाहीत. सोडायला येताना त्याची रोजची चादर न धुता आणा आणि तो घरी किती वाजता, कुठे झोपतो ते आम्हाला सांगा.