पावसाळी मासेमारीबंदी आणि हौशी गळवाले

'पावसाळ्यात बंदी फक्त पोटासाठी मासे मारणाऱ्यांना, हौशी गळवाल्यांना मात्र मोकळे रान,' हा समज कोकणात वर्षानुवर्षे फिरतो आहे. प्रत्यक्षात पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांची बंदी माणूस हौशी आहे की धंदेवाईक हे पाहत नाही. ती होडीला इंजिन आहे की नाही हे पाहते. त्यामुळे वल्ह्याच्या पारंपरिक होडीने पोट भरणारा गरीब मच्छीमारही तिच्यातून वगळलेला असतो, आणि यांत्रिक नौका घेऊन समुद्रात गळ टाकायला निघालेल्या हौशी माणसाला मात्र सूट मिळत नाही. खात्री करायची तर शासनाच्या बंदी आदेशात 'बिगरयांत्रिक' हा शब्द शोधावा, किंवा जूनमध्ये बंदरावर जावे: ट्रॉलर ताडपत्रीखाली शाकारलेले असतात, तर जवळच खाडीत कोणी गुडघाभर पाण्यात उभा राहून पाग, म्हणजे हाताने फेकायचे छोटे जाळे, फेकत असतो. शेकडो किलो मासळी ओढणारे जाळे आणि हा पाग एकाच मापाने मोजणे, माझ्या मते, न्याय्य ठरले नसते.