‘हरकती व सूचना’: जनावरांविषयीच्या कायद्यात लोकांचा वाटा किती? (पार्श्वभूमी)

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा सरकारला आपणहून सुचलेला नव्हता. १९५३ मध्ये राज्यसभेतील एका सदस्येने त्यासाठी खासगी विधेयक मांडले होते; सरकारने आश्वासन दिल्यावर ते मागे घेण्यात आले, आणि १८९० चा इंग्रजी अमदानीतला कायदा जाऊन नवा कायदा यायला आणखी काही वर्षे लागली. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात लिहिलेला दहा ते पन्नास रुपयांचा दंड आजही तसाच आहे.

या कायद्याखालचे नियम करण्यापूर्वी कलम ३८ प्रमाणे मसुद्याची ‘पूर्वप्रसिद्धी’ बंधनकारक आहे. मसुदा राजपत्रात छापायचा, मुदत द्यायची आणि मुदतीत आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्यायच्या, ही रीत १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टने (केंद्रीय कायद्यांना लागू होणारे सर्वसाधारण नियम सांगणाऱ्या कायद्याने) घालून दिली आहे. ‘हरकती व सूचना’ हे शब्द आपण जोडीने वापरत असलो, तरी त्यांचे वजन सारखे नाही. सूचना बहुधा विषयाचा अभ्यास असणाऱ्यांकडून येते, तर हरकत ज्याच्या गोठ्यावर नियमाचा परिणाम होतो त्याच्याकडून यायला हवी. पण केंद्राचे राजपत्र इंग्रजी आणि हिंदीत निघते, आणि गोठ्यातला माणूस ते वाचत नाही. शिवाय ‘विचारात घेणे’ म्हणजे काय, हे कायदा सांगत नाही. एखादी हरकत का फेटाळली, याचे उत्तर देणे सरकारवर बंधनकारक नाही. उलट, पूर्वप्रसिद्धीनंतर केला असे म्हणून नियम राजपत्रात छापला गेला, की तो रीतसर झाल्याचा तोच निर्णायक पुरावा ठरतो.

ही पोकळी २०१७ मध्ये उघडी पडली. जनावरांच्या बाजारांविषयीच्या नियमांचा मसुदा जानेवारीत प्रसिद्ध झाला आणि २३ मे रोजी अंतिम नियम निघाले. त्यांत पाणी, सावली, चढण्या-उतरण्याचा उतार, पशुवैद्यकीय तपासणी अशा कोणीही मान्य कराव्यात अशा तरतुदी होत्या. मात्र त्यांच्याच शेजारी अशी अट होती की, जनावर कत्तलीसाठी विकायला आणलेले नाही असे विक्रेत्याने लेखी द्यावे, घेणाऱ्याने शेतकरी असल्याचा महसुली कागद दाखवावा आणि सहा महिने ते जनावर पुन्हा विकू नये. आपल्याकडच्या बाजारात जबडा उघडून दात पाहिले जातात, उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरतो आणि व्यवहार शब्दावर होतो. तिथे आता विक्रीच्या पुराव्याच्या पाच प्रती करायच्या होत्या. सातबारा नसलेल्या भूमिहीन म्हैसपाळाने काय करावे, याचे उत्तर त्या नियमांत नव्हते.

गुंता ‘गुरे’ या शब्दापाशी वाढला. व्याख्येत गाय-बैलांबरोबर म्हशी आणि उंटही घातले होते. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवर बंदी असली तरी म्हशी-रेड्यांच्या कत्तलीवर ती नव्हती. म्हणजे राज्याने ज्याला मोकळीक ठेवली होती, ते केंद्राच्या नियमाने बाजारातून आडवाटेने रोखले. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ३० मे रोजी या नियमांना दिलेली स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये देशभर कायम केली आणि मार्च २०१८ मध्ये निघालेल्या नव्या मसुद्यातून कत्तलीची अट वगळली गेली. खेदाची बाब अशी की, या वादात पाणी-सावलीच्या तरतुदीही अडकून पडल्या.

विधेयकांच्या बाबतीत सल्लामसलतीला किमान ३० दिवस द्यावेत, असे केंद्राचे धोरण २०१४ पासून आहे. मूळ कायद्यातील दंड वाढवणारा आणि अमानुष क्रौर्याला तुरुंगवास सुचवणारा दुरुस्ती-मसुदा २०२२ मध्ये आला, तेव्हा मात्र नोव्हेंबरच्या उत्तरार्धात तो खुला करून मते कळवण्यासाठी ७ डिसेंबरपर्यंतचीच मुदत देण्यात आली. ऊसतोडीचा तो ऐन हंगाम होता आणि ज्यांचे बैल गाडीला जुंपलेले होते, ती माणसे त्या दिवसांत फडावर होती.