साखळी की शाफ्ट: मागच्या ॲक्सलच्या वादाची पार्श्वभूमी

इंजिनाचा जोर मोटारगाडीच्या मागच्या चाकांना साखळीने न्यायचा की फिरत्या दांड्याने (शाफ्टने), हा जुना वाद. त्यातली मागच्या ॲक्सलची, म्हणजे मागच्या चाकांच्या आसाची, गोष्ट बहुतेक वेळा १८९८ पासून सांगतात. त्या वर्षाच्या अखेरीस पॅरिसजवळ एका तरुणाने आपल्या छोट्या गाडीत प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाचा जोर मागे नेणारा लांब दांडा) बसवला आणि साखळी मोडीत निघाली, असे. प्रत्यक्षात साखळी पुढे दहा वर्षे ठाण मांडून होती, आणि तीही निव्वळ सवयीने नव्हे.

साखळीच्या गाडीत डिफरन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) चासीवरच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरच्या, आडव्या शाफ्टमध्ये असे. दोन्ही टोकांच्या स्प्रॉकेटवरून (साखळीच्या दातेरी चक्रावरून) एकेक साखळी मागच्या चाकाला जाई. मागचा ॲक्सल म्हणजे नुसता घडीव दांडा. चाके त्यावर मोकळी फिरत. शाफ्ट आला आणि क्राउन-पिनियन (शाफ्टच्या टोकाचे छोटे दातेरी चक्र पिनियन, ते फिरवते ते मोठे चक्र क्राउन), डिफरन्शियल, चाकांना जोर देणारे हाफ शाफ्ट, वर हौसिंग म्हणजे कवच, असा सगळा ऐवज स्प्रिंगच्या पाट्यांच्या खाली गेला. खड्ड्यात चाकाबरोबर तोही आपटायचा. टायर त्याची शिक्षा भोगत. शिवाय तेव्हाचे सरळ दात्यांचे पिनियन मोठ्या इंजिनाचा जोर कितपत झेलेल, हा प्रश्न होताच. चढासाठी रेशो (इंजिन आणि चाकाच्या फेऱ्यांचे प्रमाण) बदलायचा? साखळीवाला स्प्रॉकेट बदलून मोकळा! चिखल, खडखडाट आणि वाटेत साखळी तुटणे हे अर्थात त्याच्याच नशिबी.

फ्रेंच ग्रां प्री या मोटारशर्यतीचे निकाल बघा. १९०६ ला शाफ्टची गाडी जिंकली, पण १९०७ आणि १९०८ ला साखळीची.

यातून सुटकेची वाट खरे तर १८९० च्या दशकातच, वाफेच्या गाड्यांसाठी निघाली होती. भार पेलायला एक मुका, म्हणजे चाके न फिरवणारा, नळीचा ॲक्सल, जोर न्यायला वेगळे सांधेदार हाफ शाफ्ट, आणि डिफरन्शियल चासीवर. आजही ती रचना द दियाँ नावाने ओळखतात. माझ्या मते तीच सर्वांत शहाणी. पण महाग पडली.

वाद मिटवला तो स्वस्ताईने. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी गाडीने शाफ्टचा ॲक्सल लाखो घरांत नेला. त्यातले बॅबिट या मऊ मिश्रधातूचे थ्रस्ट वॉशर (क्राउनला जागेवर धरणाऱ्या चकत्या) मात्र कालांतराने फुटत. मग क्राउन पिनियनपासून सरके, आणि पायाचा ब्रेक गिअरपेटीत असल्यामुळे तोही चाकांपर्यंत पोचत नसे. १९१३ ला वळणदार दात्यांचे स्पायरल बेव्हल गिअर आले, आवाज कमी झाला. १९२६ च्या हायपॉइड गिअरने पिनियन क्राउनच्या मध्याखाली घेतले, तशी गाडीची फरशीही खाली आली.

एका छोट्या ब्रिटिश कारखान्याच्या स्पोर्ट्स गाड्या मात्र १९३० च्या दशकातही साखळीवरच पळत होत्या, आणि त्यांच्या मागच्या ॲक्सलला डिफरन्शियलच नव्हते.