टोपी घसरली, मग गाल का नाही घसरला?

मध्यंतरी एका रविवारी आमच्या कट्ट्यावर पेपरातल्या एका पोराची टोपी पळाली.

कट्टा म्हणजे सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका टपरीसमोरचा सिमेंटचा बाक. दोन पेपर, पाच-सहा माणसं आणि अर्धा-अर्धा चहा. अग्रलेखावर आमचं कधीच एकमत होत नाही, म्हणून वाचनाची सुरुवात चित्रपट्टीपासून होते. ही सवय जुनी आहे. १९९१ साली ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू सुरू झाला, तेव्हा आमच्यातले दोघं शाळेत होते. ते अजून पट्टी मोठ्यानं वाचतात आणि शेवटची चौकट हातानं झाकून ठेवतात.

त्या रविवारी रंगीत पुरवणीतल्या पोराची लाल टोपी काळ्या रेषेच्या बाहेर मिलिमीटरभर उजवीकडे सरकली होती. उजव्या कडेला गडद गुलाबी झालर, डावीकडे पिवळी. रंगांचे छाप एकमेकांवर नीट बसले नाहीत की छापखान्यातली माणसं रजिस्ट्रेशन चुकलं म्हणतात. आम्ही हसून पान उलटणार, एवढ्यात नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागावर चाळीस वर्षं काढलेल्या मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पेपर नाकाशी धरला.

“टोपी हलली, मग गालाचा रंग कसा काय तसाच ऱ्हायला बे?”

कट्ट्यानं एकमुखानं सांगितलं, गालाची गुलाबी शाई वेगळी असते, ती नीट बसली असणार. हा गैरसमज फार ठिकाणी ऐकलाय. पेपराच्या छपाईत गालाची शाई नसते. पानाच्या तळाशी समासात चार बारीक रंगीत गोल असतात ते बघा: निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळा आणि काळा. सगळं पान या चारांवर निघतं, प्रत्येक शाईची छापायची प्लेट वेगळी. त्यातही फिकी शाई नावाचा प्रकार नाही. कागदावर एखाद्या जागी शाई पडते किंवा पडत नाही. फिका रंग हवा असेल तर ठिपका लहान करायचा, गडद हवा असेल तर मोठा.

सोलापुरात हे समजावायला फळा लागत नाही. चादरीवरचा मोर घ्या. जेकार्डच्या पुठ्ठ्यावर भोक आहे किंवा नाही, त्यावरून उभा धागा उचलला जातो किंवा खाली राहतो. अर्धा धागा कधी उचलला जात नाही. म्हणून मोराची मान जवळून पाहिली तर पायऱ्या-पायऱ्यांची दिसते आणि दोरीवर वाळत घातलेली चादर रस्त्यापलीकडून पाहिली की मान गोल होते.

किती लांब गेलं की असं होतं? पेपराच्या छपाईत ठिपक्यांच्या साधारण ८५ ते १०० ओळी एका इंचात बसतात, म्हणजे दोन ठिपक्यांत पाव ते ०.३ मिलिमीटर अंतर. निरोगी डोळा सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातल्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखतो. ३० सेंटिमीटरवर हे अंतर ०.०९ मिलिमीटर भरतं, एक मीटरवर ०.२९. म्हणून नाकाशी धरलेल्या पेपरात ठिपके दिसतात आणि समोर बसलेल्याच्या हातातल्या पेपरात नुसता गाल दिसतो. (ठिपक्यांच्या चित्राकडे रोज टक लावून बघा, चष्मा जाईल, असा एक फॉरवर्ड आमच्याही ग्रुपवर फिरतो. लांबचं अंधूक दिसतं ते बहुतेक वेळा नेत्रगोल लांबट झाल्यामुळे. टक लावून तो आखूड होत नाही.)

आता मामांचा प्रश्न. इथून पुढे थोडं गणित आहे, चहा संपवून घ्या.

समजा गालासाठी १० टक्के जागेवर मॅजेंटा आणि १५ टक्के जागेवर पिवळा छापायचा आहे. दोन्ही ठिपक्यांच्या जाळ्या एकाच दिशेनं सरळ ठेवल्या आणि प्लेटा अगदी बरोबर बसल्या, तर प्रत्येक मॅजेंटा ठिपका पिवळ्यावर पडेल. दोन्ही शाया एकावर एक आल्या की लाल दिसतो. म्हणजे ८५ टक्के पांढरा कागद, १० टक्के लाल, ५ टक्के पिवळा. आता एक प्लेट ०.१५ मिलिमीटर सरकली, दोन केसांच्या जाडीइतकी, की ठिपके शेजारी-शेजारी पडतात. मग ७५ टक्के पांढरा, १० मॅजेंटा, १५ पिवळा आणि लाल शून्य. गाल बदलला! वेगानं पळणाऱ्या कागदावर एवढं सरकणं होतच राहणार, तेव्हा एकाच गठ्ठ्यातल्या दोन पेपरांत त्या पोराचे गाल दोन रंगांचे निघाले असते.

यावर छपाईवाल्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. प्रत्येक रंगाची जाळी वेगळ्या कोनात फिरवायची. मग काही ठिपके एकमेकांवर पडतात, काही अर्धे, काही अजिबात नाही. सरासरी काढायची तर टक्क्यांचा गुणाकार करायचा: ०.९० गुणिले ०.८५ म्हणजे ७६.५ टक्के पांढरा, १३.५ पिवळा, ८.५ मॅजेंटा, १.५ लाल. प्लेट कुठंही सरकवा. इथला एक ठिपका सुटला तर पलीकडचा एक झाकला जातो, आणि बेरीज तीच राहते. जुळवणी पक्की होणार नाही हे आधीच धरून ती मुद्दाम विस्कटून ठेवली आहे.

पण कोन कुठलाही चालत नाही. मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर आले की त्यात लाटा दिसतात, त्यांना मॉयरे म्हणतात. हे मुळात कापडाचंच नाव, पाण्यासारखी लहर असलेल्या रेशमाचं. दोन सारख्या जाळ्यांत ५ अंशांचा फरक असेल तर लाट जाळीच्या घरापेक्षा साडेअकरा पट मोठी होते, म्हणजे सुमारे साडेतीन मिलिमीटरची. गालावर ती देवीच्या व्रणांसारखी दिसेल. ३० अंशांचा फरक ठेवला तर लाट दुपटीहूनही लहान राहते, डोळ्याला बोचत नाही. चौकोनी जाळी ९० अंशांत पुन्हा स्वतःवरच येते, त्यामुळे ३०-३० अंशांवर तीनच रंग बसतात. सायन १५ अंशांवर, काळा ४५ वर, मॅजेंटा ७५ वर. चौथ्याला जागाच उरत नाही! मग पिवळ्याला ० अंशांवर दाटीवाटीनं बसवतात, कारण पांढऱ्यावर पिवळ्याची लाट कोणाला सहसा दिसत नाही. आणि काळा तिरका का? आपल्या डोळ्या-मेंदूला उभ्या-आडव्या रेषा चटकन दिसतात, तिरक्या जरा उशिरा. सगळ्यात ठसठशीत रंगाला म्हणून सगळ्यात लपलेली जागा.

पुण्याला मुलाकडे गेलेल्या आमच्या एका मेंबरला आम्ही रोज पट्टीचा फोटो पाठवतो आणि तो रोज कुरकुरतो, “लाटा दिसतायत, नीट काढा की.” फोनच्या कॅमेऱ्याच्या आतही चौकोनी जाळी असते. फोन किंचित तिरका धरून, जरा मागे जाऊन काढला की लाटा कमी होतात. आता त्याची लाटांची कुरकुर संपली, तो विनोदावरच बोलतो.

पुढच्या रविवारी मामा धागे मोजायचं भिंग घेऊन आले. आधी फुग्यातली अक्षरं पाहिली. ती नुसती काळ्या प्लेटवरची, त्यामुळे बाकीच्या प्लेटा कुठंही गेल्या तरी वाचता येतात. मग गाल पाहिला. तिथं ठिपक्यांची बारीक फुलं उमटली होती, जाळ्या फिरवल्यामुळे होतात ती. मग मागच्या आठवड्याचा पेपर खिशातून काढून टोपी पाहिली.

“हितं तर जाळीच न्हाई की.”

नव्हतीच. टोपीचा लाल म्हणजे १०० टक्के मॅजेंटावर १०० टक्के पिवळा. सरासरी काढायला तिथं ठिपकाच नाही, म्हणून सरकलेलं सगळं कडेला उघडं पडलं.