ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉली आपोआप येते का?

‘ट्रॅक्टरचा विमा काढला की मागची ट्रॉली त्यातच आली,’ असा मेसेज कापूस निघाला की फिरतो. पटतोही, कारण ट्रॉलीला ना इंजिन ना स्टेअरिंग.

पण मोटार वाहन कायदा, 1988 मधल्या मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे. म्हणून ट्रॉलीला स्वतःचा नोंदणी क्रमांक मिळतो, आणि रस्त्यावर न्यायची तर थर्ड पार्टी विमाही लागतो. तो ट्रॅक्टरच्याच पॉलिसीत जोडता येतो. मात्र ट्रॉलीची नोंद करून, वेगळा प्रीमियम भरून.

तपासणं सोपं आहे. पेटीतली पॉलिसी काढा आणि ट्रेलरचा रकाना शोधा. तिथे तुमच्या ट्रॉलीचा नंबर असेल तर ठीक. रकाना कोरा असेल आणि हिंगणघाटला जिनिंगपुढच्या रांगेत ट्रॉली कोणाच्या दुचाकीवर गेली, तर भरपाईचा वाद तुमच्या दारात येऊ शकतो. शेजाऱ्याची ट्रॉली मागून आणली असेल तर तिचाही नंबर बघा, हे हमखास राहून जातं.

वापराच्या मर्यादाही वाचा. ‘फक्त शेतीकामासाठी’ असं लिहिलं असेल, तर भाड्याने विटा नेणं किंवा लग्नाचं वऱ्हाड बसवणं त्यात बसत नाही.