सिंगल फेज मोटरचे वाइंडिंग: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बटण दाबल्यावर मोटर नुसती घुमते, फिरत नाही. शाफ्टला हाताने झटका दिला तर मात्र सुरू होते, आणि तीही ज्या बाजूला झटका द्यावा त्याच बाजूला. अशी मोटर आणणारे ग्राहक ती जळली असे धरूनच येतात. प्रत्यक्षात तिचे मुख्य वाइंडिंग, म्हणजे तारेची मुख्य गुंडाळी, बहुधा शाबूत असते.

स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाच्या, खाचांमध्ये दोन वाइंडिंग बसवलेली असतात: मुख्य म्हणजे रनिंग, आणि दुसरे स्टार्टिंग. त्यांपैकी रनिंग वाइंडिंगला एकट्याला वीज दिली, तर त्याचे चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी वाढते, ओसरते आणि उलटते, पण गोल फिरत नाही. त्यामुळे थांबलेल्या रोटरला (आतल्या फिरणाऱ्या भागाला) दोन्ही बाजूंनी सारखीच ओढ बसते आणि तो हलत नाही. सायकलचे पायडल अगदी वरच्या टोकाला असताना त्यावर सरळ खाली कितीही जोर दिला, तरी चाक हलत नाही, तसेच काहीसे हे आहे. उपमा पुरती जुळत नाही, पण कल्पना येण्यास पुरेशी आहे.

ही कोंडी स्टार्टिंग वाइंडिंग फोडते. ते रनिंगपासून ९० विद्युत अंशांवर, म्हणजे दोन ध्रुवांच्या मोटरमध्ये प्रत्यक्ष ९० आणि चार ध्रुवांच्या मोटरमध्ये ४५ अंशांवर बसवतात, आणि त्याच्याशी एकसरीत जोडलेल्या कपॅसिटरमुळे (विद्युतभार साठवणाऱ्या घटकामुळे) त्यातला प्रवाह रनिंगमधल्या प्रवाहाच्या पुढे राहतो. दोन्ही क्षेत्रे आळीपाळीने जोरात येतात, त्यातून फिरते क्षेत्र तयार होते आणि रोटर त्याच्यामागे धावू लागतो.

सेंट्रिफ्युगल स्विच (वेग वाढल्यावर आपोआप उघडणारा स्विच) असलेल्या मोटरमध्ये वेग पूर्ण वेगाच्या सुमारे ७५ टक्क्यांपर्यंत पोहोचला की हा स्विच स्टार्टिंग वाइंडिंगची जोडणी तोडतो. तिथली तार बारीक असते आणि ती काही क्षणांच्याच कामासाठी योजलेली असते. स्विचचे पॉइंट चिकटले, तर ती थोड्याच वेळात जळते. अशी मोटर उघडली की स्टार्टिंगची गुंडाळी कोळशासारखी काळी आणि शेजारची रनिंगची अजून तांबूस, असे स्पष्ट दिसते. हे पाहूनही केवळ वाइंडिंग बदलून दिले आणि स्विच तसाच ठेवला, तर मोटर पुन्हा जळणार हे ठरलेलेच. पंखे आणि अनेक लहान पंपांमध्ये मात्र कपॅसिटर कायम जोडलेला असतो, तिथे हा स्विच नसतोच.

म्हणून मोटर घुमत राहिली तर ती ताबडतोब बंद करावी, कारण अडकलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते. हाताने झटका देण्याचा प्रयोग करू नये. मोटर केव्हा वेग घेईल याचा नेम नसतो आणि बोटे सापडतात. पहिला संशय कपॅसिटरवर घ्यावा. तो बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच आणि व्होल्ट तेवढे किंवा जास्त असावेत.

वाइंडिंगची तपासणी मल्टिमीटरने होते, अर्थात वीज तोडून, कपॅसिटर डिस्चार्ज करून आणि त्याची जोडणी सोडवून. तीन वायरींपैकी कॉमन (दोन्ही वाइंडिंगची सामाईक वायर) ते रनिंग ४ ओहम आणि कॉमन ते स्टार्टिंग ९ ओहम आले, तर उरलेल्या जोडीत १३ यायला हवेत. धुलाई यंत्राच्या दोन्ही बाजूंना फिरणाऱ्या मोटरमध्ये दोन्ही वाइंडिंग सारखीच असतात, तिथे आकडे समान आले तर तो दोष समजू नये.

रिवाइंडिंग करायचेच ठरले, तर जुनी तार काढण्यापूर्वी आम्ही वेढ्यांची संख्या, तारेची जाडी आणि जोडणी नोंदवून ठेवतो, आणि व्हार्निश वाळल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन तपासतो. तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम घालू का, असे कोणी विचारल्यास आमचे उत्तर नाही असे आहे: ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते, खाचेतली जागा तर वाढत नाही, त्यामुळे वाइंडिंग जास्त तापते, आणि ढोबळ हिशेबाने दर १० अंश सेल्सिअस जादा तापमानामागे इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते.

मोटर आणताना तिचा कपॅसिटर सोबत आणावा, नेमप्लेट काढू नये आणि वायरी मुळाशी कापू नयेत. कोणती वायर कुठे होती हे आम्हाला त्यांच्या रंगांवरूनच लवकर कळते.